पूर्वेकडची दीड हात जागा

गणेश, हे मृत्युपत्र आहे, लाईटचं बिल नाही. तेव्हा फ्रिजवर ठेवून विसरू नकोस. तू शाळेत दप्तर विसरलास, स्वतःच्या लग्नात फेटा जीपमध्ये विसरलास, आणि गेली दोन वर्षं दर दिवाळीला "दिवाळी झाली की भिंत पाडतो" असं म्हणून दिवाळीनंतर विसरतोस. म्हणून या कागदाच्या तीन प्रती केल्या आहेत. एक नोंदणीच्या कचेरीत, एक तुझ्या बहिणीकडे, आणि तिसरी तुझी, फ्रिजसाठी.

मी, रुखमाबाई भ्रतार निवृत्ती भुतेकर, वय आधारकार्डाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर, धंदा भाजीपाला, राहणार मौजे आमधरा, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, आज शुद्धीवर असताना हे सांगून लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी दबाव टाकला असता ते सगळे नातसून डिंपलच्या माहेरी हळदीला गेले आहेत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं, पंतप्रधान कोण ते विचारलं, आणि मी दोन्ही सांगितल्यावर त्यांनी ज्या पेनाने दाखला लिहिला ते कंपाउंडरचं पेन खिशात घालून निघाले. तेव्हा आमच्या दोघांत कोणाची शुद्ध तपासायची होती हे मी विचारलं नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि चिखलीचे दस्तलेखक धम्मरत्न सरदार लिहितात. ते दोनदा म्हणाले, "आजी, एवढं सगळं कायद्याले लागत नाही." मी म्हटलं, "कायद्याले नसंल लागत, मले लागते. लिहा." त्यांनी पुढचं पान घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं मला वाचून दाखवावं आणि मग मी अंगठा द्यावा असं ठरलं आहे. न वाचता दिलेल्या अंगठ्याने काय होतं ते याच कागदात पुढे येईल.

कलम १. माझे वारस असे. मुलगा गणेश. मुलगी सुचिता, हिवरा आश्रमाजवळ दिलेली. नातू प्रज्वल, त्याची बायको डिंपल आणि त्यांचा लहानगा. नात अपेक्षा, बुलढाण्याला नर्सिंग शिकते. माझे दीर उकंडराव वारस नाहीत, पण त्यांच्यासाठीही एक कलम आहे, त्यांनी धीर धरावा.

कलम २. मळ्यातली दोन एकर जमीन आणि विहीर गणेश आणि सुचिता यांना सारखी. सुचिताला म्हणे जावयाने सांगितलंय की भावाच्या जमिनीत हिस्सा मागू नये, बरं दिसत नाही. जावईबापूंना सांगावं की ती भावाची जमीन नाही, माझी आहे, आणि मला बरं दिसतं.

कलम ३. तराजू, वजनं आणि बाजारातली बसायची गोणी अपेक्षाला. ती म्हणेल, आजी, मी नर्स होणार, तराजूचं काय करू? ठेव म्हणावं. डाव्या पारड्याला सुतळीची गाठ आहे, ती सोडू नये. त्या गाठीने काटा खरा राहतो. खुरपी, विळे आणि फवारणीचा पंप प्रज्वलला. त्याने ते हातात धरावेत अशी अट घालत नाही, नाहीतर वस्तू कोणालाच जाणार नाहीत.

कलम ४. गळ्यातली पोत डिंपलला. पोस्टातलं पुस्तक सुचिताच्या ताब्यात राहील आणि त्यातले पैसे कलम ८ मध्ये सांगितलेल्या कामालाच लागतील, दुसऱ्या कशाला नाही. तेराव्याच्या जेवणाला तर अजिबात नाही.

कलम ५. आता घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर माझ्या नावावर आहे, आणि ते कोणी उपकार म्हणून लावलेलं नाही. मोठ्या दुष्काळानंतर पाच-सहा वर्षांनी शेजारच्या पुंजाजीभाऊंच्या वडिलांनी आपल्या घरापुढची जागा विकायला काढली. माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून ती आम्ही घेतली, म्हणून कागद माझ्या नावाने झाला. मागे त्यांचं घर, पुढे आमचं, आणि आमच्या पूर्वेला मारुतीच्या देवळाची भिंत. आमची भिंत आणि देवळाची भिंत यांच्यामधून एक बोळ मागे जाते. मागच्या घराला रस्त्यावर यायला ती एकच वाट. दुसऱ्या तिन्ही बाजूंना लोकांच्या भिंती आहेत.

ही बोळ किती रुंद ठेवायची ते आमच्या गावात टेपने ठरत नाही. घर बांधायच्या आधी दोन माणसं तिरडीचे दोन बांबू खांद्यावर धरून वाटेतून चालून दाखवतात. दोघांचे खांदे भिंतीला लागले नाहीत म्हणजे वाट पुरली. त्या वेळी पुढून माझे मालक चालले आणि मागून पुंजाजीभाऊ. दोघं पस्तिशीतले, हसत होते. मालक म्हणाले, "पुंजाजी, तू मागं हायस, तुले आधी न्यावं लागंल." पुंजाजीभाऊ म्हणाले, "न्या ना, पण आडवा न्या." बोळ तीन हात भरली. दीड हात आमच्या जागेतून, दीड हात त्यांच्या. कागदावर आमचा दीड हात आमचाच राहिला, पण त्यावर काही बांधायचं नाही ही तोंडी बोली. चाळीस वर्षं ती बोली कोणी लिहून मागितली नाही.

त्याच बोळीतून मनकर्णा माझ्याकडे यायची. मनकर्णाबाई म्हणजे पुंजाजीभाऊंची बायको. आम्ही दोघी एकाच जीपने चिखलीच्या बाजाराला जात होतो, ती कोथिंबीर आणि मेथी, मी वांगी आणि टमाटे. तिलाही अक्षर येत नव्हतं. भाव पाटीवर लिहिलेला असायचा तो आम्ही दोघी गिऱ्हाईकालाच वाचायला लावायचो आणि म्हणायचो, चष्मा घरी राह्यला. दोघींना चष्मा कधीच नव्हता.

कलम ६. हे कलम गणेशने मोठ्याने वाचू नये, सुचिताने वाचावं. गणेशचा आवाज मध्येच बसतो.

चार वर्षांपूर्वी प्रज्वलचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी सांगितलं, खोलीला लागून संडास पाहिजे. त्यांचं काही चुकलं नाही, मलाही पाहिजे होता. माझे गुडघे तेव्हाच गेले होते आणि पावसाळ्यात गोठ्याकडच्या परसात जाणं म्हणजे एका हाताने छत्री, दुसऱ्याने भिंत आणि तिसऱ्याने लुगडं. घर वाढवायचं ठरलं. पश्चिमेला गोठा होता, तो पाडून खोली झाली असती, पण गणेश म्हणाला, गोठ्याखाली काळी माती आहे, पाया खोल न्यावा लागतो. उत्तरेला रस्ता. राहिली पूर्व.

घर वाढवायचे नियम तेव्हा मला माहीत नव्हते, आता तोंडपाठ आहेत. नमुना आठचा उतारा, जागेचा नकाशा, इंजिनियरने काढलेला बांधकामाचा नकाशा, शेजाऱ्याची ना-हरकत, आणि मग ग्रामपंचायतीची लेखी परवानगी. परवानगी आली ती अटी घालून आली. सातवी अट होती, पूर्वेकडील वहिवाटीची बोळ संपूर्ण मोकळी ठेवावी, त्यात पायरी, पाईप किंवा छज्जा काढू नये. म्हणजे कागदाने बरोबर सांगितलं होतं. वाकडं आम्हीच केलं.

युक्ती उकंडरावांची. ते आमच्या खाटेवर बसून म्हणाले, "परवानगी चांगल्या नकाशावर घ्या. बांधा आपल्या नकाशावर. अन् मनकर्णेचा अंगठा खिशात ठेवा, घरच्या कोणाचाही चालते, मंग पुंजाजी बोंबलला तरी काय करंल?"

गणेशने दोन्ही नकाशे खाटेवर पसरले होते. एक ग्रामपंचायतीला द्यायचा, एक मिस्त्रीला. गावात सगळे म्हणतात, बिचाऱ्या रुखमाबाईला काय कळतं, तिला लेकाने फसवलं. गणेशही तसंच म्हणतो, कारण त्यात त्याला माझी अब्रू वाचवल्यासारखं वाटतं. ते खोटं आहे. मला अक्षर येत नाही, पण मी पन्नास वर्षं वाफे पाडले आहेत. दोरी कुठून कुठे गेली ते मला कोणी वाचून दाखवावं लागत नाही. पहिल्या नकाशात आमची रेघ आणि देवळाची रेघ यांच्यामध्ये पांढरी पट्टी होती. दुसऱ्या नकाशात आमची रेघ सरकून पट्टी अर्धी झाली होती आणि उरलेल्या अर्ध्यात संडासाच्या टाकीचा गोल होता. मी तो गोल बोटाने दाखवून विचारलं, "हे काय व्हय?" गणेश म्हणाला, "काही नाही माय, खोली हाये." मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने दुसरीकडे पाहिलं. मी गप्प बसले. मला गुडघे आठवले.

ना-हरकतीचा कागद घेऊन मनकर्णेकडे मी गेले. गणेश गेला असता तर तिने पुंजाजीभाऊंना विचारलं असतं. सकाळची वेळ, ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"कायचा कागद व्हय?" ती म्हणाली.

"गणेशच्या खोलीचा. शेजाऱ्याचा अंगठा लागते म्हणे."

"तुह्या शेजारी मीच हाय का एकटी? मारुतीचा घेतला का?"

"तो सही करते. त्याले शिकवलेलं हाये."

ती हसली. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "बोळीले काही होत नाही ना, रुखमा?"

मी म्हटलं, "काय होते बोळीले."

तिने हात पुढे केला. शाईची डबी मीच धरली. अंगठा उठल्यावर तिने तो मेथीच्या पाल्याला पुसला आणि म्हणाली, "चाय घेतं का?" मी चहा घेतला.

पाया खोदायला लागले तेव्हा पुंजाजीभाऊ धावत आले. उकंडरावांनी खिशातून कागद काढला. पुंजाजीभाऊंना वाचता येतं, सातवीपर्यंत शिकले आहेत. त्यांनी वाचलं आणि तिथेच उभ्या मनकर्णेला विचारलं, "तू देला अंगठा?" ती म्हणाली, "हाव." "काऊन?" ती काही बोलली नाही. मी पाच पावलांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. रुखमाने सांगितलं की बोळीला काही होत नाही, एवढं तिने म्हटलं असतं तर पुंजाजीभाऊंनी तिथेच माझा गळा धरला असता आणि काम थांबलं असतं. तिने माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं आपण वाचलो.

त्यानंतर पुंजाजीभाऊ तिच्याशी तोंडभर बोलले नाहीत. ताटावर बसले तरी मीठ मागायचं ते हाताने. तिने हे मला बोळीतून अंग तिरपं करून येऊन सांगितलं, कारण आता बोळीत तसंच यावं लागत होतं. खोली, पाईप आणि टाकीचं झाकण धरून वाट फूटभर आणि वर चार बोटं उरली होती. ती म्हणाली, "माह्यासारखी अडाणी बायको केली त्याइनं, त्याचा राग हाये." मी म्हटलं, "जाईल राग." तेव्हाही मी सांगू शकले असते.

म्हणून मी इथे लिहून देते, आणि हे पुंजाजीभाऊंसाठी आहे. तुमची बायको अडाणी नव्हती. तिने विचारलं होतं. तुम्ही जे विचारलं असतं तेच तिने विचारलं होतं आणि मी तिला खोटं सांगितलं होतं, नकाशा पाहून, समजून. तिने अंगठा कागदावर दिला नाही, माझ्या शब्दावर दिला.

कलम ७. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात, सकाळी दहाच्या सुमारास मनकर्णेच्या छातीत कळ आली. त्यांचा मुलगा जीवन घरी होता. त्याने एकशे आठला फोन लावला आणि गाडी लवकर आली, कोणाची तक्रार नाही. आपल्या गावच्या आशाताई महामाया गवई गाडीबरोबरच्या लोकांना वाट दाखवत पुढे आल्या. स्ट्रेचर बोळीच्या तोंडाशी अडलं. उभं करून पाहिलं, आत जाऊन वळेना. कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. खुर्ची टाकीच्या झाकणापाशी अडकली. मी माझ्या दारातून पाहत होते. आमच्या घरातून मागे जायला दार नाही, आणि नव्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला आहे पण तिला गज आहेत. गणेशने सब्बल आणली आणि गज वाकवायला लागला. तो रडत होता, हे त्याच्या बाजूचं आहे, तेही लिहावं.

तेवढ्यात जीवनने आईला पाठीवर घेतलं. तिच्या हातात धरायची ताकद नव्हती. तो आडवा चालत आला, एक पाय, मग दुसरा, आणि तिचं कोपर आमच्या भिंतीच्या गिलाव्याला घासत आलं. रस्त्यावर गाडीतल्या डॉक्टरांनी तिला खाली ठेवून पाहिलं. म्हणाले, थोडं आधी हाती लागल्या असत्या तर प्रयत्न केला असता. महामायाताईंनी घड्याळ पाहिलं होतं. घरातून रस्त्यावर यायला सव्वीस मिनिटं लागली होती. बांबू खांद्यावर घेऊन ते दोघं चालले होते तेव्हा दहा श्वासही लागले नव्हते.

बाईची शेवटची आंघोळ तिच्या अंगणात होते आणि ती आपल्या उंबऱ्यावरून निघते. बायका म्हणाल्या, आत न्या. पुंजाजीभाऊ म्हणाले, "एकदा घासत बाहेर आणली. आता परत घासत नेत नाही." मग तिला रस्त्यावरच आंघोळ घातली. चारी बाजूंनी लुगडी धरून आडोसा केला. एसटी थांबली होती, तिच्यातल्या माणसांनी तोंडं फिरवली. मी नव्या संडासाच्या नळाची बादली भरून आणली. पुंजाजीभाऊंनी ती उचलून बाजूला ठेवली आणि देवळाच्या हापशाचं पाणी आणायला सांगितलं. मला काही बोलले नाहीत. आजपर्यंत बोलले नाहीत, आणि त्यांना अजून निम्मंच माहीत आहे.

त्या दिवसापासून मी तो संडास वापरत नाही. परसात जाते. डिंपल म्हणते, "आजी, पडसान." पडेन तर पडेन. गुडघे शिव्या देतात, त्यांना द्यायला मोकळीक आहे.

मी काही केलं नाही असंही नाही. भिंत पाड म्हणून गणेशला सांगितलं. त्याची दिवाळी वर आलीच आहे. मी स्वतः सब्बल उचलली, दोन घाव घातले, गिलावा पडला आणि मागोमाग मी पडले. तेव्हापासून घरच्यांनी सब्बल कुठे लपवली आहे ते मला माहीत आहे, पण हात तिथवर पोचत नाही. मग मी ग्रामपंचायतीत माझ्याच घराविरुद्ध तक्रार दिली. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, घर तुमचं, अर्ज तुमचा, नोटीस कोणाले काढू?" नोटीस माझ्याच नावाने निघाली. महिनाभर ती फ्रिजवर होती. मग तालुक्याला चार खेपा केल्या, तिथे मला एक गोष्ट कळली. परवानगीबाहेर केलेलं काम दंड भरून नियमित करून मागायचा रस्ता काही ठिकाणी असतो, पण अर्ज मालकाने करावा लागतो. गणेशला हे माझ्या आधी कळलं होतं. त्याने तीन वेळा कागद आणला. "माय, नुसता अंगठा दे, दंड मी भरतो." तिन्ही वेळा मी हात पदराखाली घेतला.

म्हणजे आज ती भिंत कायद्याने उभी नाही, ती फक्त कोणी पाडलेली नाही. मी मेले की घर गणेशच्या नावावर चढेल, तो अर्ज करेल, दंड भरेल, आणि भिंत बरोबर ठरेल. मग पुंजाजीभाऊंची पाळी येईल. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत आणि सकाळी खोकतात ते मला भिंतीतून ऐकू येतं. त्यांना आडवं नेता आलं पाहिजे. या सगळ्या कागदाचा मतलब एवढाच आहे.

कलम ८. म्हणून माझ्या घराची आणि जागेची मी अशी वाटणी करते.

(अ) पूर्वेकडची दीड हात, म्हणजे सव्वादोन फूट रुंद पट्टी, रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत एकतीस फूट लांब, तीवर उभं असलेलं बांधकाम, पाईप आणि टाकी यांसह, मी पुंजाजी यांना देते. त्यांनी ती पाडावी, खणावी, मोकळी करावी, कोणाला विचारू नये. टाकीचा जो भाग त्यांच्याच जागेत गेला आहे तोही काढावा. खर्च पोस्टाच्या पुस्तकातून सुचिता देईल. नकाशा सोबत जोडला आहे. तो इंजिनियरकडून नवा काढून घेतला आणि या वेळी रेघ कुठे जाते ते मी स्वतः बोटाने फिरवून पाहिलं.

जिवंतपणी मी हे देऊ पाहिलं होतं. महामायाताईंच्या हाती निरोप पाठवला. पुंजाजीभाऊंनी सांगितलं, "तिच्या हातचं मले काही नको." बरोबर आहे. पण आता हात राहणार नाही.

(आ) त्यांनी तरीही नाकारली तर ती जीवनला. जीवननेही नाकारली तर गावच्या वाटेसाठी ग्रामपंचायतीला. गणेशकडे ती कोणत्याही रस्त्याने परत येऊ नये.

(इ) उरलेलं घर गणेशचं. इंजिनियर सांगतो की पूर्वेची भिंत काढली की नव्या खोलीचा स्लॅब राहत नाही, सगळी खोली उतरवावी लागेल. उतरवावी. माझं तेरावं होईपर्यंत थांबू नये. मला भेटायला येणाऱ्यांना धूळ लागली तर लागू द्यावी.

कलम ९. डिंपल, तुझी खोली जाते हे मला माहीत आहे, आणि तुझं यात काही नाही. तू लग्न करून आलीस तेव्हा भिंतीला रंग दिलेला होता. गोठा पाडून पश्चिमेला खोली बांधावी. काळी माती आहे तर पाया खोल न्यावा, तुझ्या सासऱ्याला खोदायला लाव. परवानगी आल्याशिवाय कुदळ लावू नये. परवानगीच्या पाठीमागच्या अटी तू स्वतः वाचाव्या, घरात सगळ्यांसमोर, एकेक करून, प्रत्येक अटीनंतर थांबून विचारावं, "कळलं का?" मंजूर नकाशा आणि मिस्त्रीच्या हातातला नकाशा एकावर एक ठेवून उजेडात धरून पाहावा. शेजाऱ्याची ना-हरकत मागायला जाशील तेव्हा नकाशा सोबत ने, बोटाने दाखव, आणि त्याने विचारलं त्याचं खरं उत्तर दे. चहा नंतर घे.

कलम १०. दीर उकंडराव यांस मिस्त्रीचा तो दुसरा नकाशा द्यावा. मी तो जपून ठेवला आहे. काच लावून द्यावा. त्यांचं घर मोठं आहे, टांगायला भिंत सापडेल.

कलम ११. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम सुचिताचं. कोणी कोर्टात गेलं तर त्याने आधी सहावं आणि सातवं कलम चावडीपुढे मोठ्याने वाचून दाखवावं आणि मग जावं. गणेश, तू जाणार नाहीस. तू वाईट नाहीस, तू टाळणारा आहेस, आणि ते माझ्याकडूनच आलं आहे. खोट्या शब्दाची सुरुवात तुझ्या नकाशात झाली असेल, पण तो तोंडाने मी बोलले. तेव्हा माझ्यावर राग धरायचा असेल तर भिंत पाडून झाल्यावर धर, हात मोकळे असतील.

कलम १२. माझ्या तिरडीसाठी काही खास करू नये. माझं दार रस्त्यावर आहे, मी आडवी आणि सरळ निघेन. त्याचीच मला लाज वाटते.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी धम्मरत्न यांनी माझे शब्द मऊ केले होते, ते पुन्हा होते तसे करून घेतले. आता हे माझं शेवटचं आणि एकच मृत्युपत्र.

स्थळ: चिखली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून देणार: रुखमाबाई भ्रतार निवृत्ती भुतेकर, डाव्या हाताचा अंगठा

आम्ही दोघांनी अंगठा उठताना पाहिला, आणि त्या आधी सर्व मजकूर वाचला जाताना ऐकला:
१. महामाया गवई, आशा स्वयंसेविका, आमधरा (सही)
२. रंगराव वायाळ, निवृत्त पोस्टमन, आमधरा (सही)

लिहिणार: धम्मरत्न सरदार, दस्तलेखक, चिखली (सही)

कागदाला खाली जागा उरली म्हणून आणखी एक, त्याखाली पुन्हा अंगठा आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत. सहावं कलम सुचिताने पुंजाजीभाऊंना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवावं, माझ्या तिसऱ्या दिवशी, उशीर नको. ते ऐकल्यावर त्या घरात चूल पेटणार नाही. तेव्हा डिंपलने डबा पाठवावा. ज्वारीच्या दोन भाकरी, पातळ बेसन, तिखट कमी, त्यांना आता खोकला लागतो. मेथी घालू नये. डबा घेऊन जाणाऱ्याने बोळीतून जपून जावं, लेकरू कडेवर घेऊ नये, भिंत घासते. काही बोलू नये, ओट्यावर ठेवून यावं. डबा भरलेला परत आला तर दुसऱ्या दिवशी ताजा करून पुन्हा पाठवावा.